न लागलेला ठसका

२०२२ साल होतं आणि मला एकाहत्तरावं लागलं होतं. जन्मतारीख मास्तरांनी अंदाजाने टाकलेली, तेव्हा एखादं वर्ष इकडे-तिकडे. शाळा तिसरीपर्यंत, पुढे मिठागर. जोडाक्षरं अजून माझ्याशी भांडतात, पण मी दुसऱ्याकडून लिहून घेत नाही. घडलं ते माझ्या घरात घडलं, तर लिहिणार पण मीच.

आमचं घर पनवेलजवळ, गावठाणात. चारी बाजूंनी टॉवर उठले आणि मधे आमच्या गल्ल्या राहिल्या. खाली आम्ही दोघं म्हातारे, वर मुलगा आणि सून. मुलगा बंदरावर क्रेन चालवतो, पाळीची ड्युटी. सून खारघरची, नोकरदार घरातली. बोलायला गोड, पण उगाच मान खाली घालणारी नाही. ते मला आवडायचं. तिला कधी सांगितलं नाही. सांगितलं की माणसं चढतात.

बायकोला दमा. पावसाळा सरला, पहाटे गार पडायला लागलं, की तिची छाती वाजायला लागायची, बारीक शिट्टीसारखी. मी म्हणायचो, "दारात मांजराचं पिल्लू आलंय काय?" ती म्हणायची, "तुमचंच हाय, पाळा आता."

पनवेलच्या एका डॉक्टरने तिला पंप दिला होता, तोंडात धरून दाबायचा. तो मी बंद केला. आमच्याकडे सगळे हेच सांगतात, की पंप दारूसारखा, एकदा तोंडाला लागला की मरेपर्यंत सुटत नाही. गावातला एक जण पंप घेता घेताच गेला, त्याला मी खांदा दिलाय. बायकोला म्हटलं, "त्याची सवय नको. मी हाय ना." ती पदराला हात पुसत आत गेली.

मी हाय म्हणजे माझी धुरी. शेगडीत कोळसे लाल करायचे, त्यांना राख धरू द्यायची, मग ओवा, लसणीची सालं, वावडिंग, कडुलिंबाचा सुका पाला आणि शेवटी चिमूटभर धूप. शेगडी खाटेखाली सरकवायची आणि माणसाला गोधडीत गुंडाळून वर बसवायचं. बाळंतिणीला, तान्ह्या पोराला, सर्दीने भरलेल्याला. वाटतं सोपं, पण हात लागतो. ओवा घाईने पडला तर करपतो, धूप जास्त झाला तर डोळे जातात. मला आत्याने शिकवली. गावातले लोक अजून पोर काखेला मारून माझ्याकडे येत होते, टॉवरमधलेसुद्धा दोघंतिघं येऊन गेले होते. मी पैसे घेत नाही. नारळ दिला तर ठेवून घेतो.

त्या पावसाळ्यात सुनेने ते यंत्र आणलं. पांढरं, लोट्याएवढं, पोटात दिवा. आत पाणी, पाण्यात बाटलीतल्या तेलाचे चार थेंब, की ते फुसफुस करत धुकं सोडायचं. तिने मोबाईलवर त्याचा कोर्स केला होता. म्हणाली, प्रत्येक ऋतूचं तेल वेगळं. पावसाळ्यात घर कोंदतं, तेव्हा गवती चहाचं. थंडीत छातीला निलगिरी. उन्हाळ्यात पुदिना, डोकं थंड राहतं. झोप येत नसेल तर लॅव्हेंडर. हे शेवटचं नाव तेव्हा माझ्या तोंडात बसत नव्हतं.

मी म्हटलं, "तेल अंगाला लागतं नायतर तव्यावर पडतं. हवेत उडतं ते तेल कसलं?"

"बाबा, हे तसलं तेल नाही. अर्क असतो. ढीगभर पानांचा जीव एका थेंबात येतो."

"मग त्या पानांनी काय पाप केलं होतं?"

बायको हसली आणि हसता हसता खोकली. "बिनभाताचा कुकर हाय गो तुझा," सुनेला म्हणाली, "पण वास चांगला हाय."

माझं डोकं तिथे फिरलं. एवढा संसार झाला, माझ्या धुरीला ती कधी चांगला वास आहे म्हणाली नव्हती.

तिथून सुरू झालं. सकाळी सून खाली यायची आणि सासूच्या उशाशी यंत्र लावायची. तिन्हीसांजेला मी शेगडी पेटवायचो. माझी धुरी झाली की सून खिडक्या उघडायची. ती वर गेली की मी यंत्राची पिन काढायचो. तोंडाने कोणी वाईट बोलत नव्हतं. ती म्हणायची, "बाबा, धुराने फुप्फुसं काळी होतात." मी म्हणायचो, "मिठागरावर पन्नास माणसांना धुरी दिली, एक काळा निघाला नाय." ती म्हणायची, "ते आधीच उन्हाने काळे होते." यावर बायको इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

मुलाला मी म्हटलं, तुझ्या बायकोला समजव. तो म्हणाला, "तुमी दोघं बघून घ्या. मला मधे घेऊ नका, मला उद्या फर्स्ट शिफ्ट हाय."

सुनेची माया खोटी होती असं मी म्हणणार नाही. पहाटे सासूला उबळ आली की ती वरून अनवाणी धावत यायची, पाठ चोळत बसायची. त्या बाटल्या स्वस्त नव्हत्या. स्वतःला नवी साडी घेतली नाही, पण निलगिरी संपू दिली नाही. तिला सासू हवी होती. मला बायको हवी होती. भांडण तेवढ्यावरून होतं, आणि ते भांडण आम्ही तिच्या छातीवर बसून करत होतो. हे आता लिहिताना कळतं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की माझं बरोबर आहे.

आणि बायको! ती मला म्हणायची, "तुमची धुरी घेतली की मोकळं वाटतं." सुनेला म्हणायची, "तुझं तेल घेतलं की डोळा लागतो." मी दोन्ही ऐकत होतो आणि त्यातलं एकच खरं धरत होतो. धुरीनंतर ती उठून न्हाणीत जायची. थोड्या वेळाने बाहेर यायची ती खरंच बरी दिसायची, शिट्टी कमी झालेली. मला वाटायचं, कफ सुटला. सकाळी यंत्र लावल्यावरही ती तशीच न्हाणीत जाऊन यायची, तेव्हा सुनेला वाटायचं निलगिरीने काम केलं.

दिवाळी झाली. गल्लीत फटाक्यांचा धूर दोन दिवस बसून होता. भाऊबीजेनंतर बायकोची चुलत बहीण उरणहून आली. उंबरठ्यातूनच ओरडली, "काय गो! तुला दमेकरीण म्हणतात आनी गाल बघ कसे भरलेत! माझ्यापेक्षा तरणी दिसतेस!"

बायको म्हणाली, "येतेस तर ये आत, दारात उभी राहून दृष्ट नको लावूस."

मस्करीत म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिचा खोकला वाढला. भाकर अर्धी टाकली. दुपारी आडवी होईना, खाटेच्या कडेला बसून राहिली. न्हाणीत पण गेली नाही. मी मनात म्हटलं, ही धुरीची गोष्ट नाही, ही दृष्ट आहे. तोंडून निघालेला शब्द वाया जात नाही.

सुनेने दुपारपासून निलगिरीचे थेंब वाढवले होते. गार वारा लागू नये म्हणून खिडक्या लावून घेतल्या होत्या. त्या खोलीत शिरलं की डोळ्यांना गार लागायचं.

दिवेलागणीला मी शेगडी आत आणली. मुठीत मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या घेतल्या, बायकोवरून उतरवल्या आणि निखाऱ्यावर टाकल्या. आमच्यात याची खूण आहे. मिरची जळली की घरातल्या सगळ्यांना ठसका लागायला पाहिजे. ठसका लागला तर समजायचं दृष्ट नव्हती, नुसतं दुखणं आहे. मिरच्या जळूनही ठसका लागला नाही, तर दृष्ट जबर होती, ती मिरचीने ओढून घेतली.

धूर उठला. मला ठसका लागला. डोळ्यांतून पाणी आलं. दाराशी सून आली ती ओढणी नाकाला लावून, खोकत, शिंकत. शेजारच्या घरातून कोणी तरी ओरडलं, "कोण मिरच्या जाळतंय रे?"

बायकोला ठसका लागला नाही.

ती खाटेवर बसली होती, दोन्ही तळहात गादीवर टेकलेले, खांदे वर. दिवसभर खोकत होती ती आता गप्प होती. शिट्टीपण नाही. मांजराचं पिल्लू गेलं.

"बघ!" मी सुनेला म्हटलं. "एक ठसका तरी लागला का तिला? एवढ्या मिरच्यांत? म्हणत होतो ना, दृष्ट हाय!"

"बाबा, काहीतरीच काय! दुपारपासून मी निलगिरी डबल केली, म्हणून खोकला थांबलाय. आई, बरं वाटतंय ना आता?"

"तुझ्या निलगिरीने थांबायचा होता तर दुपारीच थांबला असता."

"आणि तुमच्या मिरच्यांनी थांबला? मिरच्यांनी खोकला थांबतो कुठे? तुम्हीच किती खोकताय ते बघा."

"मला दृष्ट नाय लागली म्हणून मी खोकतोय!"

बायकोने एक हात थोडा उचलला. मला वाटलं, माझ्या बाजूने बोलते आहे. सुनेला वाटलं, तिच्या बाजूने. तो हात तसाच हवेत राहिला, आणि दिव्याच्या उजेडात मला तिची नखं दिसली. जांभळाची साल असते तशी. सुनेने तिचा चेहरा बघितला आणि तिच्या तोंडून नुसतं "आई" एवढंच आलं.

नाक्यावरचा रिक्षावाला आमच्याच गल्लीतला. त्याने आणि मी तिला उचलून नेलं. सुनेने तिला मधे बसवून दोन्ही हातांनी धरलं. हायवेला ट्रकांची रांग होती. रिक्षावाला उलट्या बाजूने घुसला, दोघांनी शिव्या घातल्या, त्याने त्यांना दुप्पट घातल्या. बायकोचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. मी तिच्या नाकापुढे हात धरला. हाताला काही लागत नव्हतं. मिठागरावर मी बोटाने सांगायचो वारा कुठून येतो, आणि तिथे मला कळेना की माझ्या बायकोच्या नाकातून येतो की नाही.

पनवेलच्या हॉस्पिटलात तिला आत घेतलं आणि आम्हाला दारात अडवलं. नर्सने नाकाला हात लावला.

"कुठून आलात, होळीतून? आणि ह्या बाईंच्या ओढणीला कसला वास? बाहेर व्हा दोघं. आत सगळे श्वासाचे पेशंट आहेत."

माझ्या शर्टाला मिरची आणि कोळसा, तिच्या ओढणीला निलगिरी. आम्हाला वऱ्हांड्यात उभं केलं, तेही लांब, जिन्याजवळ. आयुष्यात मला जागेवरून, पैशावरून, जातीवरून लोकांनी बाहेर उभं केलेलं आहे. त्याचा राग येतो आणि तो राग कामाला येतो. या वेळी रागाला जागा सापडेना.

डॉक्टर बाहेर आली ती सुनेच्या वयाची. म्हणाली, "घरात काय जाळता?"

मी सुनेकडे बघितलं. सुनेने माझ्याकडे. दोघांनी एकदमच सांगायला सुरुवात केली, ती निलगिरी म्हणाली आणि मी मिरच्या.

"दोन्ही?" डॉक्टर म्हणाली. "एकाच खोलीत? खिडक्या लावून?"

मी तिला ठसक्याचं सांगितलं. का सांगितलं ठाऊक नाही. वाटलं असेल, शिकलेली आहे, खूण कळेल. म्हटलं, "सगळ्यांना ठसका लागला, हिला नाय लागला. खोकला तर आधीच थांबला होता."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"आजोबा, खोकायला आधी श्वास आत जावा लागतो," म्हणाली. "त्यांचा जातच नव्हता. दमेकरी गप्प झाला की तो बरा नाही झालेला. तो संपत आलेला असतो."

मग सुनेला म्हणाली, तुमची तेलं तुम्हाला चालत असतील, काहींना चालतात, यांच्या नळ्यांना चालत नाहीत. धूर तर कुठलाच नाही. आणि पंप का बंद केला ते विचारलं. मी म्हटलं, सवय लागते. ती म्हणाली, "पंपाची लागत नाही. श्वासाची लागते, ती त्यांना जन्मापासून आहे."

आत गेली. आम्ही जिन्याजवळ उभे.

थोड्या वेळाने सून भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "बाटलीवर लिहिलं होतं, बाबा. दमा असेल तर डॉक्टरांना विचारा म्हणून. मी वाचलं होतं. मला वाटलं, झाडापानांचंच तर आहे."

तासाभरापूर्वी हे ऐकलं असतं तर मी गावभर सांगितलं असतं. तिथे मी नुसता खोकलो. छातीत मिरची अजून होती.

मुलगा ड्युटीवरून परस्पर आला. त्याच्या पिशवीत धुतलेला शर्ट होता, तो मी तिथेच चढवला. मग नर्सने मला आत सोडलं, बोलायचं नाही म्हणून.

बायकोच्या तोंडावर मास्क होता, त्यातून बारीक धुकं येत होतं. ते बघून मला सुनेच्या यंत्राचं आठवलं आणि मी नजर फिरवली. तिची छाती पुन्हा वाजत होती. शिट्टी ऐकून मी खाटेच्या लोखंडाला धरलं. तिने मास्क जरा खाली ओढला.

"संपला होता," म्हणाली.

"काय संपला?"

"पंप. न्हाणीत ठेवला होता, घमेल्यामागं. बहीण आली तेवाच संपला."

मला कळायला वेळ लागला. धुरीनंतर ती न्हाणीत जाऊन बरी होऊन यायची ते. यंत्रानंतर जायची ते.

"मग सांगायचं नाय? दुसरा आणला असता."

"कोनाला सांगू?" ती दम खात म्हणाली. "तुमाला सांगू, तर तुमी शेगडी आनाल. तिला सांगू, तर ती बाटली आनील."

"मग एवढे दिवस चांगलं वाटतं, चांगलं वाटतं..."

"तुमाला वाटत होतं ना चांगलं. दोघांना."

नर्सने येऊन मास्क वर केला आणि मला घालवलं.

मी चुकलो असं मी कोणापुढे म्हटलं नाही. धुरीने माणसं बरी झालेली मी डोळ्यांनी पाहिलीत. पण बायकोने माझी समजूत काढायला पंप लपवला, आणि तो संपल्यावर माझ्याजवळ मागायच्या ऐवजी ती गप्प बसली. मला घाबरून नव्हे. घाबरणारी बाई नाही ती. मला वाईट वाटेल म्हणून.

निघताना डॉक्टरने आम्हाला सांगितलं, आजची वेळ टळली, पुढचं दोन-तीन दिवस बघू. आणि घरी न्यायच्या आधी घर धुवून काढा. पडदे, उशा, पांघरुणं, वास धरून बसलेलं सगळं. नाहीतर तुम्ही त्यांना त्याच खोलीत नेऊन ठेवाल आणि परत इथे आणाल, आणि त्या वेळी हायवेवर अशीच वाट मिळेल असं नाही.

मुलगा तिथे राहिला, आम्ही घरी आलो. रिक्षात सून एका टोकाला, मी दुसऱ्या. मधली जागा मोकळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बायकोची गोधडी अंगणातल्या नळाखाली टबात घातली. आमच्यात पुरुषमाणूस गोधडी धुवत नाही. समोरची म्हातारी कट्ट्यावर दात घासत बघत होती, म्हणाली, "काय वो, सुनेने काढलं काय बाहेर?" मी म्हटलं, "तुमची पन आना, धुवून देतो." तिने तोंड फिरवलं. साबण लावून तुडवली, काळं पाणी निघालं, परत तुडवली. मग पिळायला घेतली. ओली गोधडी एकट्याने पिळत नाही, ती एका बाजूने पिळली की दुसऱ्या बाजूने सुटते. सून उशांच्या खोळी घेऊन खाली आली होती, त्या खाली ठेवून तिने दुसरं टोक धरलं. ती एका अंगाला वळवते, मी दुसऱ्या. पाणी गेल्यावर तिने तिचं टोक नाकाशी नेलं, मी माझं नेलं.

"येतोय अजून," ती म्हणाली.

मी गोधडी परत टबात टाकली आणि नळ सोडला.